चाकोरीतला चेंडू आणि गजाची काठी

राळेगणसिद्धीत राहून गोल्फविषयी लिहायचे, तर आधी थोडा खुलासा करायला हवा. आमच्या गावात गोल्फचे मैदान नाही आणि होण्याची शक्यताही नाही. 1975 पासून ज्या गावाने ओढ्यांवर बांध घातले, उतारावर चर खणले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, भरमसाट पाणी पिणारा ऊस नको म्हटले, त्या गावाला केवळ खेळासाठी हिरवळ भिजवण्याची कल्पना पटणार नाही. पण मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे आणि अवजारांचा इतिहास हा माझा जुना नाद आहे. शिवाय आमचा पारनेर तालुका पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगलेला. दुष्काळाने माणसे मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडीत लागले. माझ्या बहिणीचे घर चेंबूरला गेले आणि तिचा मुलगा गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलू लागला. या पिशवीवाल्याला कॅडी म्हणतात. गोल्फ माझ्या वाचनाच्या टेबलावर आले ते या वाटेने.

लेखाचा विषय दिसायला अगदी छोटा आहे: ‘वेज’ नावाची काठी, आणि खिशात पैसे कमी असताना ती कशी निवडावी. गोल्फमध्ये खेळायच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या संस्थेलाही. घोटाळा नको म्हणून इथे काठीला काठीच म्हणतो. वेज म्हणजे पाचर. लाकूड फोडताना आपण ठोकतो तीच. या काठीचे लोखंडी पाते इतके मागे कललेले असते की चेंडू लांब जाण्याऐवजी उंच उडतो आणि जिथे पडतो तिथेच जवळपास थांबतो. वाळूचा खड्डा, उंच गवत, झेंड्यापासूनचे शेवटचे शंभर पावलांचे अंतर ही या काठीची कामे. आज गोल्फच्या दुकानात ही पाचर काचेच्या कपाटात असते आणि नामांकित कंपनीची नवी एक घ्यायची तर पंधरा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. माझे म्हणणे असे की, काचेचे कपाट हे या पाचरीचे माहेर नाही. तिचा जन्म लोहाराच्या भात्याजवळ झाला आणि तिला वळण लावले ते पैसा नसलेल्या माणसांनी.

लोहाराची काठी

स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळले जाई ते समुद्रकाठच्या गावकुसाबाहेरच्या पडीक जमिनीवर. तिथे मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत आणि बैलगाड्या नव्हे तरी घोडागाड्या जात. गाड्यांच्या चाकांनी जमिनीत खोल चाकोऱ्या पडत आणि चेंडू नेमका त्यात जाऊन बसे. लाकडी डोक्याच्या लांब काठीने तो निघत नसे. म्हणून लहान, जड, गोलसर लोखंडी पाते असलेली एक खास काठी लोहाराकडून घडवून घेत. तिचे इंग्रजी नावच ‘चाकोरीची लोखंडी काठी’ अशा अर्थाचे होते. पुढे तिला ‘निब्लिक’ म्हणू लागले. आजच्या वेजची ही पणजी. ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द आपण फार हलक्या हाताने वापरतो. इथे तो अक्षरशः खरा आहे.

तरीही लोखंडी काठ्या त्या काळी थोड्याच होत्या, कारण चेंडू महाग होता. कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून शिवलेला तो चेंडू, कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच तयार होत. लोखंडाचा एक चुकार घाव आणि शिवण उसवली. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, केलेला चेंडू आला. तो स्वस्त होता, टणक होता, आणि ठेचला गेला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येई. सेंट अँड्र्यूजचा नावाजलेला चेंडूकार अ‍ॅलन रॉबर्टसन याला हा आपल्या धंद्यावरचा घाला वाटला आणि त्यावरून त्याचे व त्याच्या हाताखालच्या टॉम मॉरिसचे बिनसले. टॉम वेगळा झाला आणि पुढे त्याचे नाव रॉबर्टसनपेक्षा मोठे झाले. चेंडू स्वस्त झाला म्हणून लोखंड निर्धास्तपणे वापरता आले, आणि लोखंड वापरात आले म्हणून वेगवेगळ्या कलाच्या काठ्या जन्मल्या. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्युअर्टसारख्या लोहारांनी आपल्या पात्यांवर चिलमीसारख्या पाइपाचा शिक्का मारायला सुरुवात केली, तसाच जसा आपल्याकडे विळ्या-अडकित्त्यांवर कारागिराचा छाप असतो.

गोल्फ भारतात आले ते याच काळाच्या आगेमागे. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. ब्रिटनबाहेर इतके जुने क्लब फारसे कुठे नाहीत. पलटणी जिथे गेल्या तिथे हा खेळ गेला. नाशिककर आजही ज्याला गोल्फ क्लब मैदान म्हणतात, तिथे आता क्रिकेटचे सामने होतात आणि सकाळी लोक फिरायला जातात. खेळ गेला, नाव राहिले. पुण्याला येरवड्यात, मुंबईला चेंबूरमध्ये मैदाने टिकली. या सगळ्या मैदानांवर गोऱ्या साहेबाच्या मागे पिशवी घेऊन चालणारा माणूस मात्र पहिल्या दिवसापासून इथलाच होता. त्याची नोंद क्लबांच्या फलकांवर सोनेरी अक्षरांत नाही.

शिशाचा थर

आजच्या सँड वेजची, म्हणजे वाळूतल्या पाचरीची, गोष्ट एका कॅडीचीच आहे. जीन सॅराझेन हा 1902 साली न्यूयॉर्कजवळ जन्मलेला, इटलीहून आलेल्या सुताराचा मुलगा. मूळ नाव युजेनियो साराचेनी. लहानपणीच पिशव्या उचलायला लागला. पुढे मोठा खेळाडू झाला तरी वाळूच्या खड्ड्यात त्याची गाळण उडे, कारण निब्लिकचे धारदार पाते कुदळीसारखे वाळूत रुतत असे.

त्याच्याआधी यावर एक उपाय निघाला होता: चमच्यासारखे खोलगट पाते असलेली जड काठी. 1930 साली बॉबी जोन्सने ब्रिटिश ओपन जिंकताना ऐन मोक्याला तीच वापरली. पण खोलगट पाते चेंडूला दोनदा लागते अशी तक्रार झाली आणि 1931 मध्ये त्या काठीवर बंदी आली. मग 1931-32 च्या हिवाळ्यात सॅराझेनने फ्लोरिडातल्या आपल्या घरी एक साधी निब्लिक घेतली आणि तिच्या तळाला मागच्या बाजूने शिसे वितळवून चढवले. घासले, पुन्हा चढवले, पुन्हा घासले. कल्पना सुचली ती विमानातून जाताना, असे तो नंतर सांगे: शेपटी खाली गेली की नाक वर उठते. काठीचेही तसेच झाले. मागचा तळ पुढच्या धारेपेक्षा खाली आला, त्यामुळे पाते वाळूत घुसण्याऐवजी वाळूवरून सरकू लागले. शेतकऱ्याला हे दोन ओळींत कळेल: नांगर जमिनीत शिरतो, फळी ढेकळांवरून सरकते. सॅराझेनने नांगराची फळी केली.

1932 मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन होती. अधिकाऱ्यांच्या नजरेस पडून हीही बंद व्हायला नको म्हणून सॅराझेन ती काठी पिशवीत उलटी ठेवी आणि रात्री कोटाखाली लपवून खोलीवर नेई, अशी आठवण त्याने सांगितली आहे. तो ती स्पर्धा जिंकला. त्या वर्षी अमेरिकन ओपनही त्याचीच. आज पंधरा हजारांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सँड वेजच्या तळाशी त्या घरगुती शिशाच्या थराचा आकार आहे. तळाच्या या उताराला गोल्फवाले ‘बाउन्स’ म्हणतात आणि तो अंशांत मोजतात.

चौदा काठ्या आणि एक पाठ

काठ्या किती असाव्यात, याचाही इतिहास पैशाचा आणि पाठीचा आहे. शिकागोचा चिक इव्हान्स, हाही जुना कॅडी, 1916 ची अमेरिकन ओपन अवघ्या सात काठ्यांवर जिंकला. 1930 मध्ये त्याच्या नावाने कॅडींना महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देणारा निधी उभा राहिला, तो आजही चालतो. पण त्यानंतर पोलादी दांडे आले, कारखान्यात संच बनू लागले आणि खेळाडूंचा मोह वाढला. 1934 आणि 1935 या दोन्ही वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेच्या हौशी स्पर्धा जिंकणाऱ्या लॉसन लिटलच्या पिशवीत तीस-एकतीस काठ्या असत. ती पिशवी अर्थातच तो स्वतः उचलत नव्हता. अखेर अमेरिकेत 1938 पासून आणि ब्रिटनमध्ये 1939 पासून चौदा काठ्यांची मर्यादा आली.

या चौदांत पाचरी किती, हा प्रश्न पुढे उभा राहिला. बराच काळ दोन पुरत: संचासोबत येणारी ‘पिचिंग वेज’ आणि वाळूची वेगळी. 1980 च्या सुमारास टॉम काइट या खेळाडूने साठ अंश कललेली तिसरी पाचर पिशवीत घातली आणि 1981 मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिकांत सर्वाधिक बक्षीस-रक्कम त्याने मिळवली. मग कंपन्यांनी आणखी एक चलाखी केली. संचातल्या काठ्यांची नावे तीच ठेवून त्यांचा कल हळूहळू कमी केला. कल कमी म्हणजे चेंडू लांब, गिऱ्हाईक खूश. पन्नास अंशांच्या आसपासची पिचिंग वेज आज पंचेचाळीस किंवा त्याहून कमी अंशांवर आली आहे. मापाचे नाव तेच, माप मात्र वेगळे. त्यामुळे ती आणि वाळूची छप्पन्न अंशांची पाचर यांच्यात मोठी दरी पडली, आणि ती बुजवायला ‘गॅप वेज’ या नावाची चौथी पाचर बाजारात आली. दरी ज्यांनी पाडली, तिच्यावरचा पूल त्यांनीच विकला.

एक थेंबही न पिणारे गोल्फ

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली मुले अनेक वर्षे तिथे कॅडी म्हणून राबली. दिवसभर दुसऱ्याचा खेळ जवळून पाहायचा, कुठली काठी द्यायची हे साहेबाच्या आधी ओळखायचे, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने गल्लीत परतायचे. या मुलांनी गल्लीतच गोल्फ सुरू केले. बांधकामावरचा लोखंडी गज घ्यायचा, त्याचे टोक वाकवायचे, मुठीला रबर किंवा चिंध्या गुंडाळायच्या, झाली काठी. चेंडू प्लास्टिकचा, म्हणजे खिडकी फुटणार नाही आणि कुणाचे डोके फुटणार नाही. मैदान म्हणजे पत्र्याची छपरे, उघडी गटारे, वाळत घातलेली धुणी आणि मधली हातभर मोकळी जागा. खऱ्या मैदानावर वाळूचे खड्डे पैसे खर्चून खणावे लागतात. इथे अडथळे फुकट होते.

जगाने याला ‘स्लम गोल्फ’ म्हटले. परदेशी छायाचित्रकार आणि वार्ताहर येऊन गेले. ‘शाळा’ चित्रपटाचे दिग्दर्शक सुजय डहाके यांनी 2023 मध्ये याच नावाची वेब मालिका केली. या सगळ्यात कौतुकाचा सूर आहे, तो योग्यच आहे. पण मला अवजाराच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायची आहे. गोल गजाला सपाट पाते नसते, खाचा नसतात. चेंडूवर फटका बसण्याची जागा बोटाएवढीही नाही. अशा काठीने गटार ओलांडून दाराच्या उंबऱ्याशी चेंडू थांबवणारा हात, पाते असलेली खरी पाचर मिळाली की काय करील? स्पेनच्या सेव्हे बायेस्तेरोसने याचे उत्तर दिले आहे. तोही कॅडी. पेद्रेन्याच्या समुद्रकाठी वाळूत एकाच तीन नंबरच्या काठीने तो सगळे फटके शिकला आणि 1979 ची ब्रिटिश ओपन जिंकला. आपल्याकडे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. कलकत्त्याच्या मैदानाची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे ती जिंकली. झेंड्याजवळच्या बारीक फटक्यांवरच्या हुकमतीमुळे, म्हणजे ‘चिप’ आणि ‘पट’ यांमुळे, सोबत्यांनी त्याच्या आडनावाचे ‘चिपुटसिया’ करून टाकले.

एक गोष्ट राळेगणचा माणूस म्हणून सांगतो. गल्लीतले हे गोल्फ पाण्याचा एक थेंबही पीत नाही.

चांदा आणि बारा हजार

आता निवडीचा प्रश्न. गेल्या वर्षी भाचा यात्रेला आला तेव्हा त्याने कुणाकडून तरी जुना लोखंडी काठ्यांचा संच घेतलेला होता आणि पाचरींसाठी बारा हजार साठवले होते.

“मामा, बारा हजारांत एक नवी येत नाही. आणि सगळे म्हणतात, तीन तरी पाहिजेत.”

मी त्याला म्हटले, “आपल्याकडे पेरणीआधी काय बघतात?”

“पाऊस किती झाला ते.”

“मग आधी तुझ्याकडं काय आहे ते मोजू.”

नगर जिल्ह्याने महाराष्ट्राला शिकवलेली गोष्ट हीच आहे: आधी पाण्याचा ताळेबंद, मग पीक. माझ्या कंपासपेटीतला मोठा चांदा काढला, काठी भिंतीला टेकवून सरळ धरली आणि त्याच्या ‘पी’ अक्षराच्या काठीचा कल मोजला. चांद्याचे माप ढोबळ असते, पण पंचेचाळीस अंश स्पष्ट दिसत होते. म्हणजे पुढच्या पाचरी पाच-सहा अंशांच्या पायरीने हव्यात: पन्नास आणि छप्पन्न. चार अंशांचा फरक साधारण दहा-बारा यार्डांचा. पाच-सहा अंशांची पायरी हात मागेपुढे करून सांभाळता येते. साठ अंशांची पाचर आकर्षक खरी, पण ती सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी वेळा लागणारी. ती बाद केली. दोनांवर भागले.

दुसरा प्रश्न तळाचा, म्हणजे बाउन्सचा. तो कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाही, पायाखाली सापडतो. चर खणताना आम्ही मुरमात टिकाव घेतो आणि मऊ मातीत फावडे. एकच अवजार सगळीकडे रेटत नाही. कडक जमिनीवर तळाचा उतार कमी हवा, नाहीतर काठी आपटून उसळते आणि चेंडूच्या डोक्यावर बसते. भुसभुशीत वाळूत आणि ओल्या गवतात उतार जास्त हवा, नाहीतर पाते रुतते. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाजते आणि पावसाळ्यात बूट फसतो. म्हणून पन्नासच्या पाचरीला कमी उतार, सात-आठ अंशांचा. छप्पन्नच्या, वाळूत जाणाऱ्या पाचरीला दहा-बारा अंशांचा.

तिसरा प्रश्न जुने घ्यावे का? घ्यावे, पण पारखून. पात्यावरच्या आडव्या खाचांत नख अडकले पाहिजे. खाचा झिजल्या की चेंडूला फिरकी मिळत नाही आणि तो पडल्यावर घरंगळतो. 2010 पासून या खाचांच्या धारेवर नियमाने मर्यादा आली, ती मोठ्या स्पर्धांना लागू झाली. हौशी खेळाडूंना जुन्या काठ्या वापरण्याची सवलत राहिली. पण भाच्याला कॅडींच्या स्पर्धांच्या पुढे जायचे आहे, म्हणून 2010 नंतरचीच काठी बघ, असे सांगितले. तळावरचे ओरखडे चालतील, पात्याच्या मध्यभागी घासून चकाकणारा ठिपका चालणार नाही. दांड्याला आतून गंज नको. मुठीचे रबर गेले असेल तर जाऊ दे, ते शे-दोनशे रुपयांत बदलते. ओतीव की घडीव, यावर डोके शिणवायचे नाही. 1960 च्या दशकात कार्स्टन सोलहाइमने ओतीव काठ्या रूढ केल्या, तेव्हापासून ओतीव म्हणजे कमअस्सल हे म्हणणे फारसे उरलेले नाही. घडीवचा एक फायदा खरा: मऊ लोखंड असल्याने कल एक-दोन अंश वाकवून घेता येतो. मात्र एक अंश कल वाढवला की तळाचा उतारही एक अंशाने वाढतो, हे विसरायचे नाही.

दोन महिन्यांनी त्याने दोन जुन्या पाचरी घेतल्या आणि वर दोन हजार उरले. त्यातून त्याने सरावाचे चेंडू घेतले. मला विचाराल तर संपूर्ण खरेदीतली ती सर्वांत शहाणी गोष्ट होती, आणि ती त्याची त्यानेच ठरवली.

भंगाराआधी

स्वस्तात निवडणे म्हणजे कमी प्रतीचे घेणे, असा समज बाजाराने रुजवला आहे. पाचरीचा इतिहास वाचल्यावर तो टिकत नाही. चाकोरी होती म्हणून निब्लिक आली, चेंडू स्वस्त झाला म्हणून लोखंड वाढले, एक सुतारपुत्र वाळूत हरत होता म्हणून शिसे वितळले, हातात काही नव्हते म्हणून गज वाकला. प्रत्येक वेळी आधी जमीन पाहिली गेली, मग हातातले लोखंड, आणि सर्वांत शेवटी नाव. जमीन न पाहता नावावर पैसे टाकणे ही उलटी चाल कपाटे भरल्यानंतरची आहे.

सेंट अँड्र्यूजमध्ये गोल्फचे संग्रहालय आहे. चाकोरीतून चेंडू काढणाऱ्या काठ्या तिथे काचेआड जपलेल्या आहेत, लोहारांच्या नावानिशी. चेंबूरच्या गल्लीतल्या काठ्यांवर कुणाचा शिक्का नाही. मुले मोठी होतात, खऱ्या काठ्या मिळवतात किंवा रिक्षा चालवू लागतात, आणि वाकवलेला गज किलोच्या भावाने भंगारात जातो. महाराष्ट्रातल्या एखाद्या संग्रहालयाने असे चार गज वेळेत मागून घ्यावेत, ते वाकवणाऱ्यांची नावे विचारून लिहून ठेवावीत. खर्च जवळपास काहीच नाही. आपल्या गोल्फच्या इतिहासात साहेबांच्या चषकांची यादी भरपूर आहे. ज्यांनी पिशवी उचलली त्यांच्या हातचे लोखंडही त्यात असायला हवे.